दुकान मुलांच्या हवाली करण्यापूर्वी

व्यापारी व कारागीर बंधूंनो, ताका कसा तपासावा, उधारी कशी वसूल करावी, वही कशी ठेवावी, हे वडीलधाऱ्यांनी आम्हाला शिकविले. पण म्हातारपणी गादीवरून उठावे कसे, हे कोणी शिकविले नाही.

नोकरदाराला पेन्शन असते, फंड असतो. आपले पेन्शन म्हणजे आपले दुकान, आपले माग, आपले घर. ते एकदा हातातून गेले की म्हातारपणाची पुंजीच गेली.

आमच्या ओळखीच्या एका बुजुर्ग कापड व्यापाऱ्याने हजला जाण्यापूर्वी घर व दुकान थोरल्या मुलाच्या नावे हिबा केले. मुलगा तेव्हाही नेक होता, आजही आहे. पण धंद्यात खोट आली, दुकान कर्जात गेले. आज रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे मुलाकडे मागताना त्या बुजुर्गांची मान खाली जाते. दोष मुलाच्या नियतीचा नाही, घाईचा आहे.

म्हणून हिबा आणि वसियत यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. इजाब, कबूल आणि कब्जा या तीन गोष्टी झाल्या की हिबा पुरा होतो. हनफी फिक्हनुसार बापाने मुलाला दिलेला हिबा कब्जा दिल्यावर परत घेता येत नाही. वसियत मात्र मृत्यूनंतर लागू होते व हयातीत केव्हाही बदलता येते. ती दफनखर्च व कर्ज फेडून उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते, आणि वारसाच्या नावे असल्यास इतर वारसांची संमती लागते. बाकीची वाटणी शरीअतने ठरवून दिलेलीच आहे. त्यात मुलींचाही हक्क आहे. मग हयातीतच सर्व देऊन टाकण्याची घाई कशासाठी?

द्यायचेच असेल तर सांभाळाची अट कागदावर लिहून घ्यावी. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा झाला. तो सर्व धर्मीयांना लागू आहे. सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर त्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो. परंतु अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तोंडी भरवसा तेथे अपुरा पडतो. अटीची भाषा मात्र जाणकार वकील व आलिम या दोघांनाही दाखवून ठरवावी. याच कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज केल्यास दरमहा १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ मिळू शकतो. त्यासाठी प्रांत कार्यालयात चौकशी करावी.

दुसरी चिंता दवाखान्याची. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. आधार कार्डावरून नोंदणी होते. योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यावरच हा लाभ आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च यात येत नाही, तो स्वतःच्या गाठीतून करावा लागतो. म्हणून एखाद्या गाळ्याचे भाडे शेवटपर्यंत आपल्याच नावे ठेवावे.

तिसरी चिंता ठगांची. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे फोनवर सांगून बुजुर्गांकडून आयुष्यभराची कमाई काढून घेतली जाते. अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवून द्यावा, घरच्यांना सांगावे, ओटीपी कोणाला देऊ नये. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर तक्रार करावी. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

मुलांना गादीवर जरूर बसवा, व्यवहार शिकवा, नफ्यात भागीदार करा. पण राहते घर आणि औषधपाण्यापुरती मिळकत आपल्या नावे राहू द्या. यात मुलांवर अविश्वास नाही. धंदा चढतो तसा उतरतोही. तो उतरला तर बापाची शिल्लक मुलांच्याच कामी येते.