चित्र का थांबले?

(घरातील कॅमेऱ्याचे चित्र मोबाइलवर कसे येते, ते थांबले तर दोष कसा शोधावा आणि कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)



अशी कल्पना करा. तुमचे घर भिवंडीत निजामपुऱ्यात आहे. रविवारी दुपारी तुम्ही अब्बांचा डबा घेऊन माणकोलीच्या गोदामात गेला आहात. अम्मी एका लग्नाला गेल्या आहेत. घरी फक्त दादी आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, तोल जातो. म्हणून अब्बांनी बैठकीच्या खोलीत एक छोटा कॅमेरा बसवला आहे. जेवताना अब्बा म्हणतात, “जरा पाहा बरे, दादी काय करताहेत?” तुम्ही मोबाइलवरचे ॲप उघडता. पण दादी दिसत नाहीत. काळ्या पडद्यावर एवढेच शब्द येतात : ‘कॅमेरा ऑफलाइन आहे.’

आता सर्वांत आधी काय कराल? कॅमेऱ्याच्या मागे लागाल का? नाही. आधी दादींना फोन कराल. त्यांनी उचलला नाही, तर शेजारच्या खालांना फोन करून सांगाल, “खाला, जरा आमच्या घरात डोकावता का?” माणूस आधी, यंत्र नंतर. हा पहिला नियम लक्षात ठेवा.

दादी फोनवर हसून म्हणतात, “मी ठीक आहे. मघाशी वीज गेली होती, आता आली.” तुमचा जीव भांड्यात पडतो. चला, आता कॅमेऱ्याकडे वळू या.

घराच्या रक्षणासाठी कॅमेरा वापरण्याची कल्पना फार नवी नाही. अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहत असे. तिच्या वस्तीत गुन्हे फार होत. पोलिसांना बोलावले तर यायला वेळ लागे. १९६६ साली तिने आणि तिचे पती अल्बर्ट ब्राउन यांनी एक युक्ती शोधून तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. दारात वेगवेगळ्या उंचीवर भोके आणि त्यांतून बाहेर पाहणारा कॅमेरा! बाहेर कोण उभे आहे, ते आतल्या खोलीतील दूरदर्शन संचावर दिसे. १९६९ साली त्यांना पेटंट मिळाले.

मेरीबाईंच्या युक्तीत चित्राचा प्रवास घरातल्या घरात होता. आपल्या कॅमेऱ्याचे चित्र मात्र लांबचा प्रवास करते. कॅमेरा ते चित्र रेडिओ लहरींनी घरातील राउटरला देतो. यालाच आपण वाय-फाय म्हणतो. राउटर ते तारेतून इंटरनेटवर पाठवतो. पुढे बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत कंपनीचा मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, मध्ये येतो. तो दुसऱ्या शहरात असेल, दुसऱ्या देशातही असेल. तेथून मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत चित्र अब्बांच्या हातातील ॲपमध्ये येते. निजामपुरा ते माणकोली हे अंतर काही किलोमीटरांचे. पण चित्र कदाचित हजारो किलोमीटर फिरून येते! या वाटेवर कोठेही अडथळा आला, तरी पडदा काळाच दिसतो.

तुम्ही भिवंडीचे आहात. यंत्रमागाची खटखट तुमच्या कानांना सवयीची आहे. बाण्याचा धागा तुटला किंवा धोट्यातील कांडी संपली, की माग थांबतो. मग विणकर काय करतो? सगळा ताणा कापून फेकून देतो का? छे! तो शांतपणे पाहतो. धागा कोठे तुटला, हे शोधतो, तेवढाच नीट करतो आणि माग पुन्हा सुरू करतो. कॅमेरा दुरुस्त करण्याची रीतही हीच आहे. एका टोकापासून निघावे आणि एक एक जोड तपासावा.

पहिला जोड : आपल्या हातातील मोबाइल. ॲप सोडून दुसरे काही उघडते का, ते पाहा. काहीच उघडत नसेल, तर दोष घरी नाही; आपल्याच मोबाइलच्या इंटरनेटमध्ये आहे.

दुसरा जोड : कॅमेऱ्याची वीज. घरी गेल्यावर कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा पेटला आहे का, ते पाहा. दिव्याच्या कोणत्या रंगाचा काय अर्थ, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत ते दिलेले असते. दिवा पेटलेलाच नसेल, तर बटण, ॲडॅप्टर आणि तार पाहा. कित्येकदा झाडू मारताना पिन ढिली झालेली असते. मात्र ओल्या हाताने बटणाला हात लावू नका. ॲडॅप्टर उघडू नका. कॅमेरा उंच असेल, तर मोठ्या माणसालाच वर चढू द्या.

तिसरा जोड : राउटर आणि इंटरनेट. घरातील दुसरा मोबाइल वाय-फायला जोडा. त्यावरही काही उघडत नसेल, तर कॅमेऱ्याचा काही दोष नाही. राउटर बंद करा, तीस अंक मोजा आणि पुन्हा चालू करा. दोन-तीन मिनिटे वाट पाहा. वीज येऊन गेल्यावर एवढ्यानेच पुष्कळदा काम होते. तरीही इंटरनेट आले नाही, तर एक साधी गोष्ट विचारा : महिन्याचे पैसे भरले आहेत का? धागा तुटलेला नसतो, कांडी संपलेली असते!

चौथा जोड : कॅमेरा आणि राउटर. घरात इंटरनेट चालते, कॅमेऱ्याचा दिवाही पेटतो, पण चित्र येत नाही. असे असेल, तर आठवून पाहा. कोणी वाय-फायचे नाव किंवा पासवर्ड बदलला का? बदलला असेल, तर बिचारा कॅमेरा जुन्याच नावाला हाका मारीत बसतो. ॲपमध्ये जाऊन त्याला नवे नाव आणि नवा पासवर्ड सांगावा लागतो. अनेक कॅमेऱ्यांना हे सांगण्यासाठी मोबाइलवर येणारा चौकटीचौकटींचा क्यूआर कोड भिंगासमोर धरावा लागतो.

येथे एक गंमत आहे. घरातील राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक २.४ गिगाहर्ट्‌झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्‌झची. २.४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदात २४० कोटी कंपने! पाचची लहर वेगवान कामाची, पण भिंतीपलीकडे ती लवकर दुबळी होते. २.४ची लहर अधिक दूर पोहोचते. घरगुती कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांना फक्त २.४चीच लहर कळते. अशा कॅमेऱ्याला पाचच्या वाय-फायचे नाव दिले, तर तो कितीही वेळा प्रयत्न केला तरी जोडला जात नाही.

जाड भिंत, लोखंडी कपाट, पत्र्याचे छप्पर यांनीही लहर अडते. खात्री करण्याचा सोपा उपाय आहे. कॅमेरा काढून राउटरशेजारी ठेवा. तेथे चित्र आले, तर कॅमेरा चांगला आहे. जागा चुकली आहे.

पाचवा जोड : ॲप. चित्र दिसते, पण कोणी आले तरी सूचना येत नाही, असेही होते. मोबाइलमध्ये त्या ॲपला सूचना देण्याची परवानगी आहे का, ते पाहा. बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल काही ॲपना झोपवून ठेवतो. आपल्या ॲपला त्यातून वगळावे. ॲप जुने झाले असेल, तर नवी आवृत्ती घ्यावी. आणि घरातले सगळे जोड ठीक असतील, तर दोष कंपनीच्या सर्व्हरमध्येही असू शकतो. अशा वेळी थोडा धीर धरावा.

तपासताना एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने काम झाले हे कळत नाही. कॅमेऱ्यावरचे ‘रीसेट’ बटण तर अगदी शेवटी दाबावे. ते दाबताच कॅमेरा आपली जुनी जोडणी विसरतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

आता थोडे गणित करू या. एखादा कॅमेरा दर सेकंदाला १ मेगाबिट माहिती साठवतो, असे समजा. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे दर सेकंदाला ०.१२५ मेगाबाइट. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. गुणाकार केला, की १०,८०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे १०.८ गिगाबाइट होतात. मग ६४ गिगाबाइटचे मेमरी कार्ड किती दिवस पुरेल? सहा दिवससुद्धा नाही! कार्ड भरले, की कॅमेरा सहसा जुने पुसून त्यावर नवे लिहितो. म्हणून दाराजवळची सायकल चोरीला गेली, तर ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे म्हणू नये. ते चित्रण त्याच दिवशी मोबाइलमध्ये उतरवून ठेवावे. याच हिशेबाने तासभर चित्र पाहिले, तर सुमारे ४५० मेगाबाइट डेटा खर्च होतो, हेही ध्यानात ठेवा.

कॅमेरा बिघडला, की घाईघाईने इंटरनेटवर ‘मदत क्रमांक’ शोधणारे लोक आहेत. ठग अशाच माणसांची वाट पाहत असतात. ते गोड बोलतात, एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतात आणि ओटीपी विचारतात. पुस्तिकेत किंवा ॲपमध्ये दिलेल्या क्रमांकावरच फोन करावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी.

पासवर्डची गोष्टही ऐका. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? मालकांनी कारखान्यातून आलेला सोपा पासवर्ड बदललाच नव्हता. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांकडून एका इंटरनेट कंपनीवर एकदम मागण्यांचा भडिमार करण्यात आला. तेव्हा ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे अनेकांना काही तास नीट उघडेनात. ज्यांच्या घरातले कॅमेरे या कामी वापरले गेले, त्यांना बहुधा याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा कॅमेऱ्याचा पासवर्ड म्हणजे घराची किल्ली समजा. तो लांब ठेवा, दुसरीकडे वापरलेला ठेवू नका आणि मित्रांना सांगू नका. जुना मोबाइल विकण्यापूर्वी त्यातील ॲप काढून टाका आणि मोबाइलमधील सगळी माहिती पुसून टाका.

शेवटी एक गोष्ट. कॅमेरा आपल्या दाराकडे असावा, शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावा. घरात कॅमेरा कोठे आहे आणि त्यात काय दिसते, हे दादींनाही समजावून सांगावे. त्यांना नको असेल, तेव्हा तो बंद करता आला पाहिजे. आपण त्यांची काळजी घेण्यासाठी कॅमेरा लावला आहे, पहारा ठेवण्यासाठी नाही.

आणि मित्रांनो, चित्र नीट दिसत असले, तरी दिवसातून एकदा दादींना फोन जरूर करा. चित्रात दादी दिसतील. गुडघा आज किती दुखतो, हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल.

शब्दार्थ

परिचारिका – नर्स
ताणा – कापडातील उभे धागे
बाणा – कापडातील आडवा धागा
धोटा – बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारे मागाचे साधन
कांडी – धोट्यातील धागा गुंडाळलेली नळी
कंपन – थरथर
दुबळी – अशक्त, कमजोर
ठग – फसवणारा माणूस
भडिमार – एकसारखा मारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोबाइलवर चित्र दिसले नाही, तर सर्वांत आधी काय करावे?
(आ) मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन कोणते काम करीत असे?
(इ) ‘रीसेट’ बटण शेवटी का दाबावे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कॅमेऱ्यापासून मोबाइलपर्यंत चित्र कसे येते?
(आ) लेखकाने विणकराचे उदाहरण का दिले आहे?
(इ) चोरीनंतरचे चित्रण त्याच दिवशी का उतरवून ठेवावे?

प्र. ३. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जीव भांड्यात पडणे; पत्ता नसणे; वाट पाहणे

प्र. ४. गणित सोडवा.
कॅमेरा रोज १०.८ गिगाबाइट चित्रण साठवत असेल, तर ३२ गिगाबाइटचे कार्ड सुमारे किती दिवस पुरेल?

उपक्रम : तुमच्या घरातील एखादी वस्तू (पंखा, मिक्सर, सायकल) बंद पडली, तर ती कोणत्या क्रमाने तपासाल? पाच पायऱ्या मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.