द्रावणांचे मिश्रण व त्यांची तीव्रता

शरीराचे व्यापार चालविणारे अनेक पदार्थ पेप्टाइड या वर्गात मोडतात. ॲमिनो अम्ले एकापुढे एक साखळीसारखी जोडली गेली म्हणजे पेप्टाइड तयार होते. मधुमेहावर दिले जाणारे इन्शुलिन अशा दोन साखळ्यांचे बनलेले आहे. एकीत २१ व दुसरीत ३०, मिळून ५१ ॲमिनो अम्ले तीत असतात. इन्शुलिनची ही रचना उलगडणारे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुष्कळशी पेप्टाइडे पाण्यात फार काळ टिकत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेसाठी ती गोठवून निर्वातात सुकवितात व भुकटीच्या रूपाने कुपीत बंद करतात. वापरण्यापूर्वी कुपीत मोजून निर्जंतुक पाणी घालावे लागते. या वेळी दोन गोष्टी निराळ्या ओळखल्या पाहिजेत. कुपीत एकूण किती द्रव्य आहे, ती त्याची मात्रा. आणि दर मिलिलिटरमागे किती द्रव्य आहे, ती त्याची तीव्रता. पेलाभर सरबतात आणखी पेलाभर पाणी ओतले, तर त्यातील साखर कमी होत नाही. गोडी मात्र निम्मी होते.

एका कुपीत पहिल्या पेप्टाइडची १० मिलिग्रॅम व दुसरीत दुसऱ्याची ५ मिलिग्रॅम भुकटी आहे असे समजा. प्रत्येकीत २ मिलिलिटर पाणी घातले, तर पहिल्याची तीव्रता दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम व दुसऱ्याची २.५ मिलिग्रॅम होईल. आता दोन्ही द्रावणे एका कुपीत ओतली. नवशिका विद्यार्थी येथे जुनेच आकडे कायम धरतो. वास्तविक आकारमान आता ४ मिलिलिटर झाले आहे. म्हणून पहिल्याची तीव्रता १० भागिले ४, म्हणजे २.५, आणि दुसऱ्याची ५ भागिले ४, म्हणजे १.२५ मिलिग्रॅम झाली. याउलट, पहिल्या कुपीतील २ मिलिलिटर द्रावणच दुसऱ्या भुकटीवर ओतले असते, तर आकारमान जवळजवळ तेवढेच राहून पूर्वीच्याच तीव्रता मिळाल्या असत्या. द्रव्ये तीच, परंतु कृती निराळी, म्हणून उत्तरही निराळे.

हा हिशेब केवळ वहीपुरता नाही. भारतात इन्शुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला ४० एककांच्या मिळतात, तशाच १०० एककांच्याही मिळतात. आणि प्रत्येकीसाठी खुणांची सुई-पिचकारी वेगळी असते. ४० च्या पिचकारीत १०० ची कुपी ओढली, तर रोग्याच्या शरीरात अडीचपट इन्शुलिन जाते. रक्तातील साखर एकाएकी उतरून तो बेशुद्ध पडू शकतो, प्रसंगी प्राणही गमावतो.

मिश्रणाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. आकडे बरोबर असले, तरी दोन्ही पदार्थ एकत्र नांदतील काय? १९३६ साली प्रोटामिन व जस्त मिसळलेले, सावकाश काम करणारे इन्शुलिन प्रचारात आले. त्यात प्रोटामिन गरजेहून अधिक होते. त्यामुळे साधे, शीघ्र काम करणारे इन्शुलिन त्यात मिसळले, की त्याचा काही भाग त्या प्रोटामिनशी बांधला जाऊन तोही मंद होई. एककांची बेरीज बरोबर, पण परिणाम चुकलेला! पुढे डेन्मार्कमधील हागेडोर्न यांच्या प्रयोगशाळेने प्रोटामिनचे प्रमाण नेमके राखून ही अडचण दूर केली. म्हणूनच ३० भाग साधे व ७० भाग मंद असे तयार मिश्रण आज मिळू शकते. ४० एककांच्या अशा कुपीत दर मिलिलिटरला १२ एकके पहिल्याची व २८ दुसऱ्याची असतात. उलट ग्लार्जिन नावाचे इन्शुलिन अम्लधर्मी द्रावणात असल्यामुळे ते इतर इन्शुलिनांत मिसळत नाहीत.

तात्पर्य, गणित द्रव्य किती आहे हे सांगते. ते द्रव्य मिश्रणात आपल्या मूळ स्वरूपात राहील की नाही, हे रसायनशास्त्र सांगते. दोहोंची साक्ष मिळाल्यावाचून दोन कुप्या एक करू नयेत.

अभ्यासासाठी प्रश्न : ६ मिलिग्रॅम पेप्टाइड ३ मिलिलिटर पाण्यात विरघळविले व त्यात दुसऱ्या पेप्टाइडचे १ मिलिलिटर द्रावण मिसळले. पहिल्याची नवी तीव्रता किती? (उत्तर : दर मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम.)