दगड न लागता तडकलेली काच

प्रश्न : आमची हॅचबॅक सात वर्षांची आहे. जुलैत कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला आलो. घाटात ढग रस्त्यावर उतरले होते म्हणून फॉग लॅम्प लावले. घरी येऊन पाहतो तर डाव्या फॉग लॅम्पच्या काचेला खालपासून वरपर्यंत तडा! वाटेत दगड उडाल्याचा आवाज नाही, गाडी कुठे घासली नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘दिवा लागतोय ना? मग राहू द्या तसाच.’ काच अशी आपोआप तडकते का? आणि खरंच तशीच राहू द्यावी का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : काच आपोआप तडकत नाही. पण तडकायला त्याच दिवशी दगड लागायला हवा, असंही नाही. तुमच्या दिव्याच्या बाबतीत बहुधा दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडल्या.

पहिली जुनी असावी. फॉग लॅम्प बंपरच्या तळाशी, रस्त्यापासून दीड-दोन वीत उंचीवर असतात. पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारी खडी सर्वांत आधी त्यांनाच भेटते. सात वर्षांत त्या काचेवर सुईच्या टोकाएवढे टोचे नक्कीच पडले असतील. हेडलाइट आपण पुसतो, निरखतो. या खालच्या दिव्याकडे वाकून कोण पाहतो? तेव्हा ‘दगड लागला नाही’ हे तुमचं म्हणणं त्या प्रवासापुरतं खरं. तो कदाचित गेल्या वर्षीच लागून गेला असेल.

दुसरी गोष्ट त्या दिवशीची. तुमच्या गाडीच्या वयावरून दिव्यात हॅलोजन बल्ब असावा असं धरतो. या बल्बची एक गंमत अशी की तो तापल्याशिवाय नीट चालतच नाही. तापलेल्या तंतूवरून उडालेलं टंगस्टन परत तंतूवर आणून बसवणं हे आतल्या हॅलोजन वायूचं काम, आणि त्यासाठी बल्बची भिंत २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली राहावी लागते. म्हणून तर तो इतका चिमुकला असतो आणि साध्या काचेऐवजी क्वार्ट्‌झचा करतात. हेडलाइटमध्ये ५५ वॅटच्या बल्बला ऐसपैस घर मिळतं. फॉग लॅम्पचं घर मुठीएवढं, आणि पुढची काच बल्बपासून चार बोटांवर. घाटात तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू. समोरून वारा नाही, म्हणजे दिवा थंड करायला काही नाही. काच तापत गेली. आणि मग रस्त्यावरून वाहणाऱ्या ओहोळात चाक गेलं, गार पाण्याचा फवारा थेट काचेवर बसला.

घरात कंदील वापरलेल्यांना पुढचं सांगायला नको. तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ती तडकायची. बाहेरचा थर गार होऊन आकसतो, आतला अजून गरम आणि फुगलेलाच असतो, त्यामुळे बाहेरच्या थरावर ताण येतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. त्यात कुठे टोचा असेल तर सगळा ताण त्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तडा तिथूनच धावतो. चांगल्या दिव्यांत म्हणूनच बोरोसिलिकेट काच वापरतात. तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. बाजारातल्या स्वस्त दिव्यात ती असेलच याची खात्री नसते.

आणखी एक संशयित आहे आणि माझा त्याच्यावर बराच रोख आहे : बल्ब. तो कधी बदलला होता का? काही गाड्यांच्या फॉग लॅम्पला कंपनीने ३५ वॅटचा एच-८ दिलेला असतो. दिसायला जवळजवळ तसाच असलेला एच-११ मात्र ५५ वॅटचा. दोघांच्या बुडाशी असलेले कान मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, म्हणजे चुकीचा बल्ब बसूच नये. पण कान तासून ‘बसवून देणारे’ हात आपल्याकडे कमी नाहीत. त्याही पुढे जाऊन काही जण ‘जास्त उजेडासाठी’ १०० वॅटचा टाकतात. तितक्या उष्णतेसाठी ते घर बनवलेलंच नसतं. बल्ब काढून बुडावर काय लिहिलंय ते वाचा आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. हे न करता नवा दिवा बसवलात तर पुढच्या जुलैत हाच प्रश्न पुन्हा पाठवाल.

आता ‘राहू द्या तसाच’बद्दल. इथे तुमच्या मेकॅनिकशी माझं जमत नाही. तड्यामुळे उजेड थोडा फाकतो, तेही वाईटच. फॉग लॅम्पचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कडा कापल्यासारखी. उजेड वर गेला तर धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो, म्हणून ही सगळी खटपट. काच फुटली की ती कडाच विस्कटते. पण खरा शत्रू पाणी. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि काही बाहेर पडते. तो विझला किंवा त्यावर पाणी उडालं की उरलेली हवा आकसते आणि फटीतून बाहेरचं जे मिळेल ते आत ओढते. पावसाळ्यात बाहेर मिळतं ते चिखलाचं पाणी. आत रिफ्लेक्टरवर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो ओलीने काळवंडला की दिवा लागतो, पण रस्त्यावर उजेड पडत नाही. मग होल्डर आणि कपलरच्या पिना हिरव्या पडतात, आणि एखाद्या दिवशी शॉर्ट होऊन फ्यूज जातो. पुष्कळ गाड्यांत दोन्ही फॉग लॅम्प एकाच फ्यूजवर असतात. म्हणजे डाव्याचा तडा उजव्यालाही घेऊन बुडतो, तेही नेमकं धुक्यात.

आज करण्यासारखं एवढंच : तो दिवा लावू नका, काच कोरडी पुसा आणि वरून रुंद पारदर्शक पॅकिंग टेप लावा. ती पाणी अडवायला आहे. तिच्यामागे दिवा लावलात तर उष्णतेने डिंक वितळून काचेवर बसेल.

मग काच खरी की प्लास्टिकची ते पाहा. नखाने वाजवून बहुधा कळतं. नाही कळलं तर काचेवरची बारीक अक्षरं वाचा. युरोपीय मानकांनुसार मंजूर झालेल्या दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा असतो, पुढचा फॉग लॅम्प असल्याची खूण म्हणून ‘बी’ किंवा नव्या दिव्यांवर ‘एफ-३’ असतं, आणि काच प्लास्टिकची असेल तर ‘पीएल’ ही दोन अक्षरं असतात.

खरी काच आरपार तडकली असेल तर डागडुजीच्या नादी लागू नका. विंडस्क्रीनचे टोचे भरायला अतिनील प्रकाशात घट्ट होणारं रेझिन मिळतं, पण ते टोच्यासाठी. रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या काचेतला लांब तडा त्याने थांबेल याचा भरवसा नाही. प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या काचेतली केसाएवढी चीर मात्र पारदर्शक सिलिकॉनने बुजवता येते आणि बरेच दिवस टिकते. त्यात दोन-तीन गोष्टी सांभाळा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको, त्यातून सुटणारं आम्ल धातूच्या मुलाम्याला त्रास देतं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. पुसायला पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, पॉलिकार्बोनेटवर त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. साबणाचं पाणी पुरे. आणि फेविक्विकच्या जातीचा डिंक इथे वापरू नका, त्याच्या वाफेने आतून पांढरी धुरकट झिलई चढते आणि ती निघत नाही. एम-सील मागच्या बाजूला, दिव्याचा तुटलेला कान जोडायला ठीक आहे.

बदलायचाच असेल तर फक्त काच शोधत फिरू नका. ती सहसा चिकटवून बंद केलेली असते आणि पूर्ण असेंब्लीच मिळते. हेडलाइटच्या मानाने ती बरीच स्वस्त पडते. अनेक गाड्यांत बंपर न उतरवता स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरचा पुढचा भाग मोकळा केला की दिव्यापर्यंत हात पोचतो. जुना बल्ब चांगला असेल तर तोच लावा, पण क्वार्ट्‌झला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे जळून बल्ब लवकर जातो.

एक काम बहुतेक वर्कशॉप विसरतात, ते तुम्ही करून घ्या. गाडी सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा, फॉग लॅम्पच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा आणि दिवा लावा. उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या सुमारे चार इंच खाली यायला हवी. तशी येत नसेल तर दिव्याजवळच्या स्क्रूने ती खाली-वर करता येते. नवा दिवा वर तोंड करून बसला तर समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला त्रास, आणि तुम्हालाही उपयोग शून्य.

प्रश्न : नवा फॉग लॅम्प बसवला, तरी सकाळी काचेच्या आतून वाफ धरलेली दिसते. दुकानदाराने फसवलं का?

उत्तर : लगेच तसं समजू नका. दिव्याला हवा खेळायला मागे छोटं छिद्र किंवा नळी मुद्दाम ठेवलेली असते. पावसाळ्यात रात्री आतली दमट हवा गार झाली की काचेवर धुरकट थर येतो. दिवा थोडा वेळ लावल्यावर तो गेला तर सगळं ठीक. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल तर सील गेलंय, दिवा परत करा. ते छिद्र मात्र सिलिकॉनने बुजवू नका, आत आलेली ओल मग कायमची मुक्कामाला राहते. एलईडी फॉग लॅम्पमध्ये ही वाफ जास्त वेळ रेंगाळते, कारण त्याची उष्णता पुढे काचेकडे न येता मागच्या पंख्यांसारख्या धातूच्या पट्ट्यांतून जाते. त्याच कारणाने त्याची काच पाण्याच्या फवाऱ्याने तडकण्याचा धोकाही कमी.

प्रश्न : काच बदलतोच आहोत तर पिवळी घ्यावी का? पिवळा उजेड धुक्यातून जास्त लांब जातो म्हणतात.

उत्तर : लांब जात नाही. निळा प्रकाश जास्त विखुरतो हे खरं, पण ते हवेच्या रेणूंइतक्या सूक्ष्म कणांच्या बाबतीत. आकाश निळं दिसतं ते त्यामुळे. धुक्याचे थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फ्रान्सने १९३६ पासून गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले होते आणि युरोपच्या समान नियमांपुढे १९९३ मध्ये ती सक्ती सोडली. निळा भाग गाळल्यामुळे चमक डोळ्यांना कमी बोचते, असं पुष्कळ चालक सांगतात. तुम्हाला तसं वाटत असेल तर पिवळा बल्ब लावायला हरकत नाही. काचेवर पिवळी फिल्म मात्र चिकटवू नका. आधीच बेताचा असलेला उजेड ती आणखी गिळते. धुक्यात तारतो तो झोताचा चपटेपणा आणि तुमचा वेग.

प्रश्न : हा खर्च विम्यातून मिळेल का?

उत्तर : सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर बाहेरून आघात होऊन फुटलेल्या दिव्याचा दावा करता येतो. पण हिशेब घालून पाहा. खासगी गाडीच्या प्रत्येक दाव्यातून ठरलेली रक्कम आधी कापली जाते : १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये. साध्या पॉलिसीत काचेवर घसारा धरत नाहीत, पण प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत धरतात. झीरो-डेप घेतलं असेल तर तेवढं वाचतं. शिवाय ‘नो क्लेम बोनस’ पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होऊन लागोपाठ पाच वर्षांत दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोचतो, आणि बोनस राखणारं जादा कव्हर नसेल तर एका दाव्याने तो शून्यावर येतो. एका हॅलोजन फॉग लॅम्पसाठी हे परवडत नाही. बंपर, जाळी आणि दिवा तिन्ही एकत्र गेले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा काही काढण्याआधी फोटो घ्या आणि सर्व्हेयर येईपर्यंत तुटके भाग फेकू नका.