पानातला वायू कसा मोजतात?

आढीत घातलेले आंबे लवकर पिकतात. का बरं? पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो. आढी झाकलेली असते, म्हणून तो आतच साठतो आणि शेजारचे आंबे पिकवतो.

हाच वायू पानांतूनही निघतो. पान फाटलं किंवा मुळाशी पाणी साचलं, की जास्त निघतो. पिकण्या-गळण्याचा निरोप तो झाडाला देतो. असा निरोप देणाऱ्या पदार्थाला संप्रेरक म्हणतात.

पण वायू तर दिसत नाही. मग मोजायचा कसा?

वाटाण्याचा तराजू : रशियात सेंट पीटर्सबर्गला नेल्युबोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. ते अंधारात वाटाण्याचे कोंब वाढवत. प्रयोगशाळेतल्या हवेत कोंब आखूड, जाड आणि आडवे होत. बाहेरच्या हवेत मात्र सरळ वाढत. प्रयोगशाळेत गॅसचे दिवे होते. त्या गॅसमधल्या इथिलीनमुळे असं होतं, हे त्यांनी १९०१ साली दाखवलं. हवेच्या १ कोटी भागांत १ भाग इथिलीन असलं तरी कोंबाला कळतं! म्हणून पुढे शास्त्रज्ञ कोंबावरूनच हा वायू ओळखत.

यंत्राने मोजणे : १९५९ सालापासून गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र वापरू लागले.

१) पानांचे वजन करतात.
२) पाने काचेच्या बाटलीत घालून रबरी बूच लावतात.
३) ठरलेला वेळ थांबतात.
४) सुईने बुचातून थोडी हवा काढून यंत्रात सोडतात.

पान तोडल्यानेही वायू वाढतो. म्हणून तोडल्यावर लगेच मोजतात, नाहीतर अख्खं रोपच काचेखाली ठेवतात.

हिशोब : समजा, ५ ग्रॅम पानांतून २ तासांत २० नॅनोलिटर वायू निघाला. २० ÷ ५ = ४ आणि ४ ÷ २ = २. म्हणजे १ ग्रॅम पानातून तासाला २ नॅनोलिटर. १ लिटरचे १०० कोटी भाग केले, तर त्यातला १ भाग म्हणजे १ नॅनोलिटर.

घरी करून पाहा : दोन सारखे डबे घ्या. दोन्हींत मेथीची थोडी पाने ठेवा. एकात पिकलं केळंही ठेवा. झाकणं लावून रोज बघा. कोणती मेथी आधी पिवळी पडते, ते वहीत लिहा.

पालकांना विनंती : बाजाराच्या टोपलीत पिकली केळी आणि मेथी-कोथिंबीर एकत्र ठेवू नका. भाजी लवकर पिवळी पडते आणि भाव कमी येतो.

सांगा पाहू : आढी झाकली नाही तर काय होईल?

— इयत्ता ४ थी