किल्लारीचा हादरा बंगळूरला कोणत्या वाटेने आला?

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा इथे मल्लेश्वरममध्ये आमचा पलंग हलला होता, असं आई सांगते. इतक्या लांबचा हादरा इथवर कसा पोचला? जमिनीखाली सगळा लाव्हाच आहे, तर तो त्यात विरून कसा गेला नाही?

उत्तर : आईंची आठवण खरी मानायला हरकत नाही. तो भूकंप बंगळूर, मुंबई, हैदराबाद आणि मद्रासपर्यंत जाणवला होता.

किल्लारी इथून सरळ रेषेत सुमारे ५७० किलोमीटरवर आहे. पण सर्वांत आधी पोचणारी लहर जमिनीलगत येतच नाही. ती तिरकी खाली उतरते, भूकवच ओलांडून प्रावरणाच्या माथ्याजवळून धावते आणि पुन्हा वर येते. वाट थोडी लांबची, पण तिथला खडक अधिक ताठर असल्याने वेग सेकंदाला सहाऐवजी आठ किलोमीटर मिळतो. त्यामुळे ती साधारण सव्वा मिनिटात इथे हजर होते. ही प्राथमिक लहर. ती खडकाला पुढेमागे दाबत येते. तिच्यामागून मिनिटभराने दुय्यम लहर येते आणि खडकाला आडवं हलवते. दक्षिणेचा जुना, कठीण खडक या लहरींची ताकद फारशी शोषत नाही, म्हणून हादरा दूरवर जातो.

आता लाव्हा. हा समज फार पसरलेला आहे, पण चुकीचा आहे. आडवं हलवणारी दुय्यम लहर द्रवातून जाऊच शकत नाही, कारण द्रव आडव्या ताणाला विरोध करत नाही. तरीही ती प्रावरण आरपार पार करते. म्हणजे प्रावरण तापलेलं असलं, तरी घन खडकाचंच आहे. वितळलेला खडक तिथे थोडाच, मोजक्या ठिकाणी असतो.

खरा द्रव सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर, बाह्य गाभ्यात लागतो. दुय्यम लहरी तिथे थांबतात, प्राथमिक लहरी वेग गमावून वळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये दूरच्या भूकंपांच्या नोंदींवरूनच गाभा असल्याचं दाखवलं. त्याच्या आत आणखी एक गाभा आहे, हे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमन यांनी ओळखलं. तो घन आहे.

या लहरी टिपणारं एक ठाणं तुमच्या जवळच आहे. बंगळूरच्या उत्तरेला गौरीबिदनूर इथे १९६० च्या दशकापासून भूकंपमापकांच्या दोन रांगा काटकोनात मांडलेल्या आहेत. लहर एकेका यंत्राशी किंचित पुढेमागे पोचते, त्या फरकावरून ती कोणत्या दिशेने आली ते काढता येतं. पृथ्वीच्या थेट पलीकडे मोठा भूकंप झाला, तरी गाभ्यातून आलेली प्राथमिक लहर तिथे सुमारे वीस मिनिटांत उमटते.