परदेशी विद्यापीठांत आपला प्रतिनिधी कोण?

गतवर्षी आमचा एक माजी विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाला. निघण्यापूर्वी तो शाळेत आला, विहारात वंदना केली, सर्व शिक्षकांना भेटला आणि जाता जाता आम्हांला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तिकडे खोली आपल्याकडच्याच मुलांबरोबर घ्यावी लागेल. त्यांनी आडनाव विचारले, गाव विचारले, घरी कोणते सण करता असे विचारले, तर खरे सांगू का?"

प्रश्न साधा होता, तरी आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही. 'निर्भयपणे सांग' असे म्हणणे सोपे होते. परंतु त्याचे जे काही परिणाम होतील ते सात समुद्रांपलीकडे त्या एकट्याला भोगावे लागणार होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे. परदेशी विद्यापीठांत शिकण्यास गेलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या बांधवांची बाजू कशी मांडली, ती मान्य कशी करून घेतली आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बाबासाहेब : एक परदेशी विद्यार्थी

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या बळावर. आजच्या परिभाषेत ते 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' होते. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. त्यावेळी त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते.

या निबंधाच्या आरंभीच्या भागात एक इशारा आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. जातीचा प्रश्न आज स्थानिक दिसत असला तरी त्याचा उपद्रव दूरवर पोहोचू शकतो. जातीची चौकट घेऊन माणसे इतर देशांत स्थलांतर करू लागली तर तो जगाचा प्रश्न होईल, असा त्याचा आशय आहे. हा विचार मांडताना बाबासाहेबांनी आधार घेतला तो श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले केतकर हेही अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, शिकलेले होते. म्हणजे जात समुद्र ओलांडेल हे शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी ज्यांनी ओळखले, ते दोघेही महाराष्ट्रातून परदेशी शिकावयास गेलेले विद्यार्थी होते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

ज्या तक्रारीला रकानाच नव्हता

बाबासाहेबांच्या काळी परदेशी जाणारे भारतीय विद्यार्थी मोजके होते. आज ते लाखोंनी जातात. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे त्यांत आपल्या समाजातील मुलामुलींचीही भर पडली आहे. विद्यार्थी वाढले, तशी त्यांच्याबरोबर जातही गेली. ती उघडपणे क्वचित बोलते. आडनावाची चौकशी, 'तुमच्याकडे मांसाहार चालतो का' असा सहज वाटणारा प्रश्न, आरक्षणावरील कुत्सित विनोद, एकत्र स्वयंपाकातून हळूच वगळणे, अशा वाटांनी ती येते. शेजारी बसलेल्या अमेरिकन मुलाला यातले काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने सारे भारतीय सारखेच असतात.

अशा वेळी त्या विद्यार्थ्याने तक्रार कोठे करावी? अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे. वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ राष्ट्र यांवरून होणाऱ्या भेदभावाला त्याने अटकाव केला. तथापि त्या यादीत 'जात' हा शब्द नाही. बहुतेक विद्यापीठांचे भेदभावविरोधी नियमही त्याच यादीवर बेतलेले असल्याने, तक्रार घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला आधी समोरच्या अधिकाऱ्याला जात म्हणजे काय हे समजावून सांगावे लागे. ती समजली तरी अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता. ज्या दुःखाला नाव नाही, त्याची नोंद होत नाही. आणि नोंद नाही म्हणून असे काही घडतच नाही, असे म्हणावयास सारे मोकळे होतात.

यात परदेशी विद्यार्थ्याची स्वतःची अगतिकता मिसळते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला पूर्णवेळ शिक्षण चालू ठेवावेच लागते. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. संशोधक विद्यार्थी तर मार्गदर्शकाच्या मर्जीवर, त्याच्या शिफारसपत्रावर आणि त्याने मिळवलेल्या निधीवर अवलंबून असतो. शिक्षण तुटले की व्हिसा तुटतो आणि घरी परतावे लागते. मागे गावी कर्ज काढून, दागिने मोडून पाठवणारे आईवडील असतात. म्हणून तो गप्प बसतो. त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी हा हिशेब आपण समजून घेतला पाहिजे.

विद्यार्थ्यांनी काय केले

मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले विद्यापीठ मानले जाते. अमेरिकेतील मोठमोठ्या विद्यापीठांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर छुप्या मर्यादा घातल्या होत्या, त्या पार्श्वभूमीवर ज्यू समाजाने १९४८ मध्ये हे विद्यापीठ उभारले. ज्यांनी स्वतः दारे बंद झालेली पाहिली होती, त्यांच्या संस्थेने जातीचे दुःख प्रथम ओळखावे, हे अर्थपूर्ण आहे.

यापेक्षाही मोठा लढा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचा. तेव्हा २३ विद्यापीठ-संकुले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थी असलेली ही सार्वजनिक संस्था होती. त्या लढ्यातील एक प्रमुख नाव प्रेम परियार यांचे. ते नेपाळमधील दलित समाजातील. मायदेशी कुटुंबावर हल्ला झाल्यानंतर ते २०१५ मध्ये अमेरिकेत आले. तेथेही उपाहारगृहात काम करताना बरोबरच्या कामगारांनी निवासात सोबत राहू दिले नाही, म्हणून त्यांना गाडीत झोपावे लागले, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. पुढे ईस्ट बे येथील संकुलात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेताना त्यांनी हा प्रश्न हाती घेतला.

त्यांच्या कार्यपद्धतीकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. आरंभ त्यांनी आपल्या विभागापासून केला. वर्गमित्रांना आणि प्राध्यापकांना जात समजावून सांगितली. मग प्रश्न विद्यार्थी प्रतिनिधींपुढे गेला. या विद्यापीठातील सर्व संकुलांच्या विद्यार्थ्यांची मिळून एक मध्यवर्ती संघटना आहे. २०२१ मध्ये त्या संघटनेने जातीला संरक्षण देण्याची मागणी करणारा ठराव संमत केला. ठराव करणाऱ्यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांचा जातीशी जन्माने काहीच संबंध नव्हता. ज्यांनी ती भोगली होती त्यांनी साक्ष दिली आणि इतरांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. प्राध्यापकांच्या संघटनेनेही पाठिंबा दिला. विद्यार्थी संघटनेचा ठराव प्रशासनावर बंधनकारक नसतो. पण २३ संकुलांचे प्रतिनिधी एकमुखाने बोलले म्हणजे तो दुर्लक्षिताही येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठाने बदल जाहीर केला. वंश अथवा वांशिकता या मूळ शब्दांपुढील स्पष्टीकरणात वर्ण आणि पूर्वज यांच्या सोबतीने 'जात' हा शब्द आला. एका शब्दाची भर पडली, आणि त्या शब्दाने तक्रारीला रकाना मिळाला.

अन्यत्रही हेच घडत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०२१ मध्ये 'जात किंवा समजली गेलेली जात' असा शब्दप्रयोग स्वीकारला. तो मोठा विचारपूर्वक केलेला आहे. कारण भेदभाव करणारा दाखला पाहून भेदभाव करीत नाही, तो अंदाजावरून करतो. हार्वर्डमधील पदव्युत्तर विद्यार्थी-कर्मचाऱ्यांच्या संघटनेने आपल्या सेवा-करारातच जातीविरुद्ध संरक्षण मिळवले. डिसेंबर २०२२ मध्ये ब्राऊन विद्यापीठाने तसाच निर्णय घेतला.

विरोध आणि त्याचे उत्तर

हे सारे निर्वेध झाले असे नाही. कॅलिफोर्नियात अनेक प्राध्यापकांनी लेखी विरोध केला, पुढे न्यायालयातही आव्हान दिले गेले. या नियमामुळे एकाच धर्माचे लोक संशयाच्या छायेत येतील, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आक्षेप शांतपणे तपासला पाहिजे. नियमात कोणत्याही धर्माचे वा जातीचे नाव नाही. उद्या एखाद्या ब्राह्मण विद्यार्थ्याला त्याच्या जातीवरून छळले गेले, तर त्यालाही याच नियमाचा आधार मिळेल. शिवाय जात भारतीय उपखंडातील अनेक धर्मांच्या समाजांत शिरलेली आहे. नियम भेदभावाच्या कृतीला लागू होतो, कोणाच्या श्रद्धेला नाही. असे असूनही लढाई संपलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले जातिभेदविरोधी विधेयक ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नाकारले. विद्यापीठांनी जे केले ते राज्याने केले नाही. आणि नियम झाला म्हणजे भेद मिटला असेही नव्हे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाचा अनुभव गाठीशी असलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. परंतु नियम नसताना तक्रारदार भीक मागतो आणि नियम असताना हक्क मागतो, हा फरक लहान नाही.

प्रतिनिधित्वाचा अर्थ

कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षणानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, बाबासाहेबांनी मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. आपली मते दुसऱ्या कोणी मांडली म्हणजे प्रतिनिधित्व पूर्ण होत नाही. ज्यांचा प्रश्न आहे त्यांतील माणसे प्रत्यक्ष तेथे असली पाहिजेत, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. सहानुभूती असलेला प्राध्यापक विद्यार्थ्यासाठी पुष्कळ काही करू शकतो, परंतु गाडीत झोपलेल्या रात्रीची साक्ष तो देऊ शकत नाही.

याची दुसरी बाजू मात्र तितकीच महत्त्वाची. प्रतिनिधी केवळ स्वतःचे दुःख सांगत राहिला तर तो तक्रारदारच राहतो. आपल्या दुःखातून, मागून येणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असा नियम जो घडवतो, तो प्रतिनिधी. या कामाची शिस्त आपल्या परंपरेत आहे. भिक्खुसंघात एखादा विषय निर्णयासाठी आणताना आधी ज्ञप्ती मांडली जाई. महत्त्वाच्या विषयात संघाला तीन वेळा विचारले जाई, आणि मतभेद उरल्यास शलाकांनी मते घेतली जात. संविधान सभेतील अखेरच्या भाषणात बाबासाहेबांनी भारताच्या या जुन्या संसदीय रीतीची आठवण करून दिली होती. आमच्या शाळेच्या भोजन समितीत आठवीतला मुलगा उभा राहून जेवणाविषयी तक्रार मांडतो, तेव्हा तो त्याच रीतीचा पहिला पाठ गिरवीत असतो. पालकांनी त्याला उद्धटपणा समजू नये.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विद्यापीठाचे भेदभावविरोधी नियम वाचावेत आणि त्यांत 'जात' हा शब्द आहे का ते पाहावे. काही अनुचित घडल्यास त्याच दिवशी तारीख, स्थळ व उपस्थितांची नावे लिहून ठेवावीत. संदेश पुसून टाकू नयेत. विद्यार्थी परिषद आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांची संघटना यांत पहिल्या वर्षापासून सहभागी व्हावे. संकट आल्यावर ओळखी होत नाहीत. कृष्णवर्णीय आणि अन्य अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या प्रश्नांत त्यांच्यासोबत उभे राहावे; असे करणाऱ्याच्याच मागे उद्या कोणी उभे राहते. दुसऱ्याची हकीकत सांगण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. आपली जात केव्हा व कोणापुढे सांगावी हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, आणि तो प्रतिनिधीलाही हिरावून घेता येत नाही.

माजी विद्यार्थ्यांकडेही आमचे एक मागणे आहे. आपल्यापैकी जे परदेशी स्थिरावले आहेत त्यांनी, शाळेतून नव्याने जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्या महिन्यात एक दूरध्वनी करावा. एवढ्यानेही त्याचे एकटेपण बरेच ओसरेल.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. बाळा, खरे सांगावे की नाही हे तूच ठरव. सांगितलेस तर आम्हांला अभिमान वाटेल आणि काही काळ न सांगता राहिलास तरी आमचा तुझ्यावरील विश्वास कमी होणार नाही. मात्र जेथे शिकतोस तेथील नियमांत तुझ्या दुःखाला नाव आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर ते घालून घेण्याच्या कामाला लाग. तुझ्या मागून याच वसतिगृहातून निघालेला मुलगा त्या खोलीत येईल तेव्हा त्याला तुझ्यासारखे कोणाला बाजूला घेऊन विचारावे लागू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!