पाण्यातला किल्ला

(जुन्या वास्तू हा आपणा सर्वांचा ठेवा आहे. जंजिरा किल्ल्याच्या सहलीत एका मुलाला ही गोष्ट कशी उमगली, ते या पाठात वाचूया.)

हिंगोलीहून निघालेली आमची एस.टी. बस दुसऱ्या दिवशी सकाळी रायगड जिल्ह्यातील राजपुरीला पोहोचली. मुलांनी आजवर कयाधू नदी पाहिली होती, इसापूरचे धरण पाहिले होते. समुद्र मात्र ती प्रथमच पाहत होती. बराच वेळ कोणी बोलेना. मग एकजण हळूच म्हणाला, "सर, याचा पलीकडचा काठ कुठं आहे?" सगळे हसले. नंतर सगळेच पलीकडचा काठ शोधू लागले!

"तो पाण्यात दिसतो ना, तो मुरूडचा जंजिरा," मी म्हणालो. "जंजिरा म्हणजे काय, कोण सांगेल?"

मागून आवाज आला, "सर, जझीरा! जझीरा म्हणजे बेट!"

"शाबास! अरबीतला हा शब्द मराठीत आला आणि जंजिरा झाला."

आम्ही शिडाच्या होडीत बसलो. शिडात वारा भरला आणि होडी निघाली. जवळ जाऊ लागलो तसा तट उंच उंच दिसू लागला. सुमारे चाळीस फूट उंचीची ती भिंत जणू समुद्रातूनच उगवली होती.

"सर, दरवाजाच दिसत नाही!" मुले ओरडली. होडी अगदी जवळ गेली, तेव्हा दोन बुरुजांच्या आडून दरवाजा दिसला. शत्रूला लांबून तो कळू नये, म्हणूनच त्याची अशी रचना केली होती. आत शिरताना एक शिल्प दिसले. वाघासारख्या एका प्राण्याने हत्तींना पंजांत पकडले होते.

किल्ल्याला एकोणीस बुरूज आहेत. 'कलाल बांगडी' नावाची प्रचंड तोफ पाहून मुले थक्क झाली. त्याहून मोठे नवल पुढे होते. चहूकडे खारा समुद्र आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे तलाव! पिण्याचे पाणी आत असल्यामुळेच वेढा पडला तरी आतील माणसे टिकून राहत.

सावलीत बसवून मी मुलांना इतिहास सांगितला. येथे प्रथम कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात दगडी कोटाचे काम सुरू झाले. पुढे येथे सिद्दींची सत्ता आली. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतील हबसाण देशातून आले होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी व संभाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचे मोठे प्रयत्न केले. जंजिऱ्यावर वचक ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला. तरीही जंजिरा शेवटपर्यंत अजिंक्य राहिला. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

पुढे एका दगडावर फारसी अक्षरे कोरलेली दिसली. मुले धावत गेली. उर्दूची लिपी येत असल्यामुळे त्यांना काही अक्षरे ओळखता आली. शेकडो मैलांवरच्या भिंतीने आपल्याला हाक मारावी, तसे त्यांचे चेहरे उजळले.

तेवढ्यात नववीतला एक मुलगा मला बाजूच्या भिंतीशी वाकलेला दिसला. त्याच्या हातात खिळा होता. तो आपले नाव कोरू लागला होता.

मी त्याच्याजवळ गेलो. तो घाबरला, पण म्हणाला, "सर, त्यांनीही कोरलंच आहे ना!"

त्याचा प्रश्न खरा होता. मी त्याला त्या शिलालेखापाशी नेले. "ही ओळ वाच." तो एकेक अक्षर लावू लागला आणि मध्येच अडला. "सर, इथलं अक्षर लागत नाही. कुणीतरी वरून रेघ मारलीय."

"कशानं मारली असेल?"

तो हातातल्या खिळ्याकडे पाहत राहिला.

मी सर्वांना म्हणालो, "मुलांनो, दूर मेक्सिको देशात समुद्राकाठी तुलूम नावाचे माया लोकांचे प्राचीन नगर आहे. आज पर्यटक मोठमोठ्या जहाजांतून त्या भागात जातात व ते अवशेष पाहतात. माया लोकांच्या पुष्कळ पोथ्या स्पॅनिश लोकांनी जाळल्या. आता जेमतेम चार उरल्या आहेत. त्यामुळे त्यांचा इतिहास समजतो, तो बराचसा दगडांवरच्या अक्षरांवरून. दगडावरचे एक अक्षर गेले, तर ते पुन्हा कोठून आणायचे? संरक्षित वास्तूची नासधूस केली, तर कायद्याने कैद किंवा दंड होतो. पण पहारेकरी नसतानाही जो हात आवरतो, तोच खरा राखणदार."

परतीच्या होडीत तो मुलगा गप्प होता. वही गुडघ्यावर ठेवून तो काहीतरी लिहीत होता. मी डोकावलो. शिलालेखातील ओळखू आलेली अक्षरे त्याने उतरवून घेतली होती. न लागलेल्या अक्षराच्या जागी त्याने रिकामी जागा सोडली होती.

शब्दार्थ
तट – किल्ल्याची भिंत
मेढेकोट – लाकडी खांबांचे कुंपण
वचक – धाक
अजिंक्य – जिंकता न येणारा
हबसाण – आजचा इथिओपिया व आसपासचा प्रदेश

स्वाध्याय
१. जंजिऱ्याचा दरवाजा लांबून का दिसत नाही?
२. वेढ्याच्या काळात किल्ल्यातील माणसे कशी टिकून राहत?
३. मुलाने वहीत रिकामी जागा का सोडली असावी? तुमच्या शब्दांत लिहा.
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द लिहा.